वेळेची वाटणी आणि वाटणाऱ्याचा खर्च: विमानतळ-स्लॉटच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी या धावपट्टीवर तासाला ४६ विमानांची ये-जा होत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने हा आकडा ४४ वर आणायला लावला आणि कमी गर्दीच्या तासांसाठी ४४ चा ४२ केला. उतरायला आलेली विमाने शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालत होती, इंधन फुकट जळत होते आणि पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडत होते. तासाला दोन फेऱ्या कमी करायच्या म्हणजे कोणाची तरी विमाने रद्द होणार किंवा गैरसोयीच्या वेळेला ढकलली जाणार. कोणाची, हे कोणी ठरवायचे? आणि जो ठरवतो, त्याच्या कचेरीचा खर्च कोणी उचलायचा? या प्रश्नांभोवती गेल्या काही दशकांत कायदा, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या सीमेवर एक अभ्यासविषय उभा राहिला आहे. त्यावर सलग मराठी लेखन माझ्या पाहण्यात नाही. म्हणून येणाऱ्या वाचकाला आत घेताना जरा सविस्तर बोलतो.

आधी एक गैरसमज दूर करू. विमान सुटायला उशीर झाला की वैमानिक सांगतो, ‘आपल्याला अजून स्लॉट मिळालेला नाही.’ तो स्लॉट हवाई वाहतूक नियंत्रणाचा. तो त्या दिवसापुरता, त्या उड्डाणापुरता असतो. आपला विषय वेगळा आहे. ठरावीक तारखेला, ठरावीक वेळी उतरण्यासाठी किंवा उडण्यासाठी धावपट्टी, विमान उभे करायची जागा आणि टर्मिनल हे सगळे वापरण्याची जी परवानगी विमान कंपनीला कित्येक महिने आधी मिळते, ती म्हणजे स्लॉट. तिकीट विकायला काढण्याआधी कंपनीच्या हाती ही परवानगी असावी लागते.

सगळ्या विमानतळांवर तिची गरज नसते. जगभर विमानतळांच्या तीन पातळ्या मानल्या जातात. पहिल्या पातळीवर जागा मुबलक, कोणीही यावे. दुसऱ्या पातळीवर गर्दी काही तासांपुरती असते आणि कंपन्यांशी बोलून, वेळा थोड्या मागेपुढे करून भागते. तिसऱ्या पातळीवर मागणी इतकी असते की स्लॉटशिवाय नियोजित विमान उतरूच शकत नाही. असे तिसऱ्या पातळीचे विमानतळ जगात २०० हून अधिक आहेत. मुंबई, दिल्ली, लंडनचे हीथ्रो, फ्रँकफर्ट, सिडनी ही त्यांतली ठळक नावे.

वाटणीची सुरुवात क्षमता जाहीर करण्यापासून होते, आणि नवा अभ्यासक नेमका हाच टप्पा घाईने ओलांडतो. तासाला किती विमाने, हा आकडा निसर्गाने दिलेला नसतो. त्यात धावपट्टीची रचना असते, नियंत्रकांची संख्या असते, टर्मिनलच्या रांगा असतात आणि शेजाऱ्यांची झोपही असते. हीथ्रोला वर्षाला ४,८०,००० फेऱ्यांची मर्यादा आहे. ती २००१ मध्ये पाचव्या टर्मिनलला मंजुरी देताना घातलेली अट आहे. सिडनीत तासाला ८० ही मर्यादा १९९७ च्या कायद्यातच लिहिलेली आहे. फ्रँकफर्टमध्ये २०११ पासून, न्यायालयाच्या निकालामुळे, रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणांना बंदी आहे. मुंबईहून युरोपला जाणारी इतकी विमाने मध्यरात्रीनंतर का सुटतात, याचे एक कारण तिकडच्या अशा रात्रीच्या निर्बंधांत आहे. लेकीला किंवा मुलाला सोडायला सहारच्या विमानतळावर रात्री दहाला पोचणाऱ्या घराच्या वेळापत्रकावर जर्मनीतल्या न्यायालयाचा आणि लंडनमधल्या मंत्रालयाचा हात असतो. हे लक्षात आले की विषय एकदम जवळचा वाटू लागतो.

वाटणीची पद्धत विमान कंपन्यांनीच घडवली. आयाटा ही त्यांची संघटना १९४५ मध्ये हवानाला स्थापन झाली आणि १९४७ पासून वेळापत्रकांच्या परिषदा भरू लागल्या. आज ही परिषद वर्षातून दोनदा भरते: जूनमध्ये येत्या हिवाळी हंगामासाठी आणि नोव्हेंबरमध्ये येत्या उन्हाळी हंगामासाठी. उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. परिषदेच्या सभागृहात समन्वयक, म्हणजे विमानतळांच्या वेळा वाटणारे अधिकारी, आपापली टेबले मांडून बसतात आणि कंपन्यांची माणसे आधी ठरवलेल्या वेळी त्यांच्यासमोर येतात. मुंबईची सकाळची वेळ मिळाली, पण तिला जुळणारी लंडनची मिळाली नाही, तर पहिलीचा उपयोग नाही. म्हणून सगळे समन्वयक एका छपराखाली असणे ही परिषदेची खरी किंमत आहे.

कंपनीचा अर्ज कसा दिसतो हे एकदा जवळून पाहावे. तो काही ओळींचा सांकेतिक संदेश असतो. वर हंगामाचे नाव, म्हणजे उन्हाळी २०२५ असेल तर ‘एस२५’, मग तारीख आणि विमानतळ. खाली एकेका ओळीत फ्लाइटचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे कोणते वार, आसने किती, विमान कोणते, कुठून येणार, किती वाजता. वार आकड्यांत लिहितात. सोमवार, बुधवार, शुक्रवार हवे असतील तर ‘१०३०५००’. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे मुंबईतले सकाळचे ८ तिथे ‘०२३०’ असे दिसतात. ओळीच्या आरंभी एक अक्षर असते. नवी मागणी असेल तर ‘एन’. समन्वयकाचे उत्तर त्याच साच्यात येते. ‘के’ म्हणजे मंजूर, ‘यू’ म्हणजे नामंजूर, ‘ओ’ म्हणजे मागितलेली वेळ नाही, ही दुसरी चालेल का. या एका अक्षरावर एखादा मार्ग सुरू होतो किंवा वर्षभर पुढे जातो. अभ्यासकाने अशा शंभरेक ओळी स्वतः वाचाव्यात. स्लॉटवाटणीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या पानोपानी जे कळत नाही ते या ओळींत कळते.

पण ‘के’ कोणाला मिळतो? पहिला मान जुन्या हक्काचा. एखाद्या कंपनीने एका हंगामात दिलेले स्लॉट किमान ८० टक्के वापरले, तर पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात तेच स्लॉट तिला परत मिळतात. २०२५ चा उन्हाळी हंगाम ३० आठवड्यांचा होता. सोमवारी सकाळी ८ ची वेळ ज्या कंपनीकडे होती तिने ३० पैकी २४ सोमवार विमान आणले की हक्क शाबूत. सहा खेपा चुकल्या तरी चालते, सातवी चुकली की वेळ सगळ्यांसाठी खुली होते. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने चुकलेली खेप मोजत नाहीत. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती, तशा बंदची किंमत कंपनीला मोजावी लागत नाही. नको असलेले स्लॉट परत करायचीही मुदत असते: उन्हाळ्यासाठी १५ जानेवारी, हिवाळ्यासाठी १५ ऑगस्ट. हे सगळे झाल्यावर जे उरते ते सामायिक साठ्यात जाते आणि त्यातला निम्मा वाटा, मागणी असेल तर, नव्याने येणाऱ्या कंपन्यांसाठी असतो. ऐकायला हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात गच्च भरलेल्या विमानतळावर साठ्यात फारच थोडे येते, आणि येते तेही कोणाला नको असलेल्या वेळांचे. निम्म्याचा नियम तेव्हा नावापुरता उरतो.

या ८० टक्क्यांच्या नियमाची कसोटी कोविडमध्ये लागली. प्रवासी नसताना केवळ हक्क टिकवण्यासाठी रिकामी विमाने उडवण्याची वेळ येईल म्हणून युरोपीय संघाने मार्च २०२० मध्ये नियम स्थगित केला. पुढे उंबरठा हळूहळू वर नेला: २०२१-२२ च्या हिवाळ्यात ५० टक्के, २०२२ च्या उन्हाळ्यात ६४, त्यानंतरच्या हिवाळ्यात ७५, आणि २०२३ च्या उन्हाळ्यापासून पुन्हा ८०. जुन्या कंपन्यांना यातून अभय मिळाले, आणि विस्तारायला तयार असलेल्या नव्या कंपन्यांना दार बंद राहिले. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचण्याजोगे आहेत.

आता पैशाकडे येऊ. समन्वयकाकडून स्लॉट फुकट मिळतो. कंपनी विमान उतरवण्याचे शुल्क भरते, उभे करण्याचे भरते, पण त्या वेळेची किंमत म्हणून काही भरत नाही. आणि तीच वेळ नंतर विकता येते. ब्रिटनमध्ये १९९९ चा ग्वेर्न्सी खटला इथे मैलाचा दगड आहे. हीथ्रोला जोडणारे ग्वेर्न्सी बेटाचे स्लॉट एका कंपनीने दुसरीशी अदलाबदल करून दिले, वर पैसे घेतले. बेटाच्या परिवहन मंडळाने दाद मागितली. न्यायालयाने पैशासह झालेली अदलाबदल वैध ठरवली. बेटाचा हीथ्रोशी असलेला दुवा तुटला आणि हीथ्रोच्या स्लॉटचा बाजार मोकळा झाला. २०१६ मध्ये ओमान एअरने हीथ्रोच्या उतरण्या-उडण्याच्या वेळांचा एक जोड सुमारे साडेसात कोटी डॉलरना घेतल्याच्या बातम्या आल्या.

या बाजाराशी मुंबईचा थेट संबंध आला तो जेट एअरवेजमुळे. २०१३ मध्ये जेटने हीथ्रोचे तीन जोड एतिहादला ७ कोटी डॉलरना विकले आणि तेच भाड्याने परत घेतले. एप्रिल २०१९ मध्ये जेट जमिनीवर आली, तेव्हा मुंबई आणि दिल्लीतले तिचे चारशेहून अधिक स्लॉट रिकामे झाले. सरकारने ते तात्पुरते म्हणून इतर कंपन्यांना वाटून दिले. पुढे जेटला पुन्हा उभे करण्याच्या प्रक्रियेत जुन्या स्लॉटवर हक्क सांगता येईल का, हा प्रश्न राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे आला. हक्क मान्य झाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. एकाच कंपनीची लंडनमधली वेळ ही विकण्याजोगी मालमत्ता होती आणि मुंबईतली वेळ ही सरकारने परत घेण्याजोगी परवानगी. माझ्या मते मुंबईची भूमिका तत्त्वतः अधिक योग्य होती. धावपट्टी ज्या जमिनीवर आहे ती सार्वजनिक आहे, तिच्यावरचा आवाज शेजारची वस्ती सोसते, आणि तिथल्या वेळेवर कायमची मालकी कोणाची होऊ नये. पण परत घेतलेली वेळ पुन्हा कोणाला द्यायची हे कोण ठरवते, याचे उत्तर जोवर स्वच्छ नाही तोवर ही भूमिका अर्धीच राहते.

म्हणून समन्वयक. फार पूर्वी अनेक देशांत हे काम राष्ट्रीय विमान कंपनीचीच माणसे करीत. स्पर्धा वाढल्यावर ते टिकणे शक्य नव्हते. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये एअरपोर्ट कोऑर्डिनेशन लिमिटेड ही वेगळी, नफा न कमावणारी कंपनी निघाली. फ्रान्समध्ये कोहोर आणि इटलीत असोक्लिअरन्स या विमान कंपन्या आणि विमानतळ दोघांच्या संघटना आहेत. अमेरिकेत हे काम केंद्रीय हवाई प्रशासनच करते, म्हणजे खर्च सरकारी. इतरत्र वार्षिक वर्गणी, दर स्लॉटमागे थोडे शुल्क, विमानतळ आणि विमान कंपन्या यांच्यात विभागलेला भार असे वेगवेगळे मार्ग आढळतात. रक्कम फार मोठी नसते. काही तज्ज्ञ माणसे, संगणक प्रणाली, वर्षाला दोन परिषदा आणि वापरावर देखरेख. वाटल्या जाणाऱ्या संपत्तीच्या मानाने ती नगण्यच. महत्त्व आहे ते ती कोणाच्या खिशातून येते याला.

युरोपीय संघाच्या १९९३ च्या ९५ क्रमांकाच्या नियमावलीत आणि तिच्या २००४ च्या दुरुस्तीत हे नेमके मांडले आहे: समन्वयक कोणत्याही एका हितसंबंधी पक्षापासून कामापुरता वेगळा असला पाहिजे, आणि त्याला पैसा पुरवण्याची रचना अशी हवी की त्याचे स्वातंत्र्य अबाधित राहील. हे वाक्य कागदावरच राहिले नाही. लिस्बन, पोर्तो आणि फारो या विमानतळांचे समन्वयन तिथले विमानतळ चालवणाऱ्या ‘आना’ या कंपनीचाच एक विभाग करीत होता. त्याचा खर्चही तीच कंपनी करीत होती. युरोपीय आयोगाने पोर्तुगालला न्यायालयात खेचले आणि २ जून २०१६ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की पोर्तुगालने ही दोन्ही बंधने मोडली आहेत. त्या विभागाने कोणावर अन्याय केला का, हा खटल्याचा मुद्दाच नव्हता. रचना तशी असणे हाच भंग ठरला. या विषयात एकच निकाल वाचायचा असेल तर मी हा वाचायला सांगेन.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. धुळे-नाशिक भागातल्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाण्याची पाळी फिरवणाऱ्या पाटकऱ्याचा मोबदला सगळ्या लाभधारकांकडून येत असे, एकट्या मोठ्या जमीनदाराकडून नाही. युरोपने कायद्यात जे लिहिले त्यातले शहाणपण आपल्या गावांना ठाऊक होते.

भारतात काय आहे? वाटणी चालते ती नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर, ज्यांचे एक महत्त्वाचे रूप २०१३ चे. संसदेने केलेला स्वतंत्र स्लॉट-कायदा नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर प्राधिकरण समन्वय करते. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद इथे तो विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे आहे. संरक्षण दलांच्या तळांवर दलांचा शब्द अखेरचा. लोहगाव वायुसेनेचे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे, त्यामुळे पुण्याच्या आणि दक्षिण गोव्याच्या वेळा सरावाच्या वेळांतून उरतात तेवढ्याच. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर गोव्याची ही कोंडी बरीच सुटली. पुण्याची अजून आहे.

समन्वयाचा खर्च आपल्याकडे वेगळा दिसत नाही. तो विमानतळाच्या कामकाजाच्या खर्चात मिसळलेला असतो, आणि तो खर्च विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्कांतून, म्हणजे शेवटी प्रवाशाच्या तिकिटातून वसूल होतो. प्रवासी पैसे देतो, पण समन्वयक बांधलेला राहतो तो विमानतळ चालकाशी. पोर्तुगालमध्ये जी रचना नियमबाह्य ठरली ती आपल्या सर्वांत मोठ्या विमानतळांवर नियमानुसार आहे. मुंबईच्या फेऱ्या घटवण्याच्या २०२४ च्या त्या निर्णयावेळी मंत्रालयाने स्लॉट देणारा आणि त्यांचे व्यवस्थापन करणारा विमानतळ चालकच असल्याकडे बोट दाखवले होते. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि महानगराचे दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाच्या हाती आहेत. कोणाच्याही हेतूबद्दल शंका न घेता एवढे म्हणता येते की, चालकाला आपल्या एका विमानतळावरून दुसऱ्याकडे विमाने वळवण्यात रस असू शकतो. तो रस असणारा आणि वेळा वाटणारा एकच असू नये.

याची झळ कोणाला लागते तेही पाहायला हवे. ७० आसनांचे एटीआर आणि १८० आसनांचे एअरबस धावपट्टीचा जवळजवळ सारखाच वेळ घेतात. कोल्हापूर, नांदेड, जळगावचे विमान मुंबईत उतरवायचे की दिल्लीचे, या निवडीत आसनांच्या हिशेबाने दिल्ली दर वेळी जिंकते. छोटी शहरे जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेत मार्ग मिळूनही मुंबईच्या वेळेपाशी गाडे अडते ते यामुळे. ग्वेर्न्सीच्या बेटाला बाजाराने बाहेर काढले, जळगावला रांगेने. बाजार आणि रांग यांपैकी एक निवडले की प्रश्न सुटतो असे मानणाऱ्याने ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहावीत.

अर्थतज्ज्ञांनी तिसरे मार्गही सुचवले आहेत. ग्रेथर, आयझॅक आणि प्लॉट यांनी १९७९ मध्ये विमान कंपन्यांच्या समित्यांनी वेळा वाटण्याच्या अमेरिकी पद्धतीची प्रयोगांतून चिकित्सा केली. १९८२ मध्ये रासेंटी, स्मिथ आणि बल्फिन यांनी उतरण्या-उडण्याच्या वेळांचे संच एकत्र लिलावात मांडण्याची रीत दाखवली; त्यांतले व्हर्नन स्मिथ पुढे २००२ च्या नोबेलचे मानकरी झाले. न्यूयॉर्कच्या विमानतळांवर लिलावाचा बेत २००८ मध्ये न्यायालयात अडकला आणि पुढच्या वर्षी मागे घेतला गेला. चीनने २०१५ च्या अखेरीस ग्वांगझूला काही वेळांचा लिलाव करून पाहिला आणि शांघायच्या पुडोंगला सोडत काढली. या प्रयोगांचे निष्कर्ष अजून वादात आहेत, आणि भारताच्या आकडेवारीवर असे काम करायला मैदान मोकळे आहे.

या विषयात येणाऱ्याने विमानांचे वेड घेऊन आलेच पाहिजे असे नाही. प्रशासकीय कायदा शिकणाऱ्याला इथे परवानगी आणि मालमत्ता यांच्यातली रेघ सापडेल. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हजारो मागण्या एकाच धावपट्टीवर बसवण्याचे अवघड गणित मिळेल. पत्रकाराला कोल्हापूरच्या रद्द झालेल्या विमानामागची खरी कारणे कळतील. सुरुवात लहान करावी. एक विमानतळ घ्यावा, एक हंगाम घ्यावा. जाहीर क्षमता किती, जुन्या हक्कात किती गेले, साठ्यात किती उरले, नव्याला काय मिळाले, हे चार आकडे मागावेत. जिथे ते सहज मिळत नाहीत तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. आणि त्या अर्जात पाचवा प्रश्न घालायला विसरू नये: समन्वयकाचा पगार कोण देतो?